संप्रदाय, परंपरा, प्रथा, विश्वास: ख्रिस्ती लेखनात कोणता शब्द कुठे?

विचारणा

'माणसांच्या परंपरा' विरुद्ध 'खरा विश्वास' ही जोडी ख्रिस्ती विषयावरच्या मराठी लेखनात सर्रास दिसते. तिचा आधार बहुतेक वेळा बायबलमधला मार्क ७:८ हा असतो. येशूचे शिष्य हात न धुता जेवतात असा आक्षेप परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहूदी गट, घेतो; तेव्हा देवाची आज्ञा सोडून तुम्ही माणसांचे धरून बसता, असे येशू त्यांना सुनावतो. जुन्या भाषांतरात तिथे 'माणसांचा संप्रदाय' आहे. आजच्या वाचकाला संप्रदाय म्हटले की पंथच आठवतो. मग तिथे नेमका कोणता शब्द घ्यावा? आणि परंपरा व विश्वास हे खरोखर विरुद्धार्थी म्हणून वापरता येतात का?

उत्तर

मूळ ग्रीक शब्द पारादोसिस. अर्थ 'हाती सोपवणे' किंवा 'सोपवलेली गोष्ट'. त्यातला 'दो' हा देण्याचा धातू आणि संस्कृतातला 'दा' एकाच कुळातले. संप्रदाय म्हणजे सम् + प्र + दा, म्हणजे तोही देण्याचाच शब्द. तेव्हा जुन्या भाषांतरकारांची निवड चोख होती. अर्थ सरकला तो नंतर. वारकरी संप्रदाय, नाथ संप्रदाय असे म्हणता म्हणता शब्द लोकांच्या समूहाला चिकटला आणि सोपवण्याची क्रिया मागे पडली.

'परंपरा' सोपा आहे खरा, पण त्यात एकामागून एक येणे एवढेच आहे. कोणी दिले हे त्यात येत नाही, आणि इथे वादाचा मुद्दा नेमका तोच आहे. म्हणून मार्क ७:८ साठी 'माणसांनी घालून दिलेली रीत' असे लिहावे. 'घालून देणे' या क्रियापदात देणारा शाबूत राहतो.

जोड

पारादोसिस हा शब्द नव्या करारात १३ वेळा येतो. त्यांपैकी ८ वेळा तो मत्तय १५ आणि मार्क ७ या दोन अध्यायांत आहे, म्हणजे हात धुण्यावरून झालेल्या एकाच वादात. उरलेले ५ प्रेषित पौलाच्या पत्रांत. गलतीकरांस १:१४ मध्ये पूर्वजांच्या रीती, कलस्सैकरांस २:८ मध्ये 'माणसांची' म्हणून सावध राहायला सांगितलेली. पण १ करिंथ ११:२, २ थेस्सलनी २:१५ आणि ३:६ इथे तोच शब्द चांगल्या अर्थाने आहे: मी तुम्हाला जे सोपवले ते घट्ट धरून राहा.

म्हणजे शब्द स्वतः बरा नाही की वाईट नाही. तो कोणाच्या नावे लावला आहे हे बघायचे. 'वडिलांची', 'माणसांची', 'तुमची' असे षष्ठीचे रूप मागे लागले की सूर बदलतो. उतारा देताना हे रूप गाळले की अर्थच हरवतो, आणि अशी गाळलेली अवतरणे पत्रकांत ढिगाने सापडतील.

शंका

पण मग विश्वास तरी परंपरेपासून वेगळा राहिला ना? विश्वास ज्याचा त्याने ठेवायचा, परंपरा दुसऱ्याकडून येते.

उत्तर

यहूदाचे पत्र, ओवी ३ पाहा. पवित्र जनांना एकदाच सोपवून दिलेल्या विश्वासासाठी झटा, असे तिथे म्हटले आहे. 'सोपवून दिलेला' हे क्रियापद पारादोसिसचेच सख्खे भावंड आहे. १ करिंथ १५:३ मध्येही पौल म्हणतो की मला जे मिळाले तेच मी तुम्हाला सोपवले, आणि पुढे येते ते ख्रिस्ताचे मरण, पुरले जाणे आणि पुनरुत्थान. विश्वासाचा गाभाच हातोहात आलेला आहे. परंपरा गेली की विश्वास उरतो, हे गणित मांडणाऱ्याने या दोन ओव्यांना उत्तर द्यावे.

विश्वास या शब्दात दोन अर्थ मिसळलेले असतात हेही लक्षात घ्या. एक, विश्वास ठेवण्याची क्रिया. दुसरा, जे खरे मानले जाते तो मजकूर. तुमची शंका पहिल्या अर्थाची आहे, यहूदाचे वाक्य दुसऱ्या. नुसता मजकूर मान्य असणे पुरत नाही हे याकोब २:१९ सांगतो: देव एक आहे हे भुतेही मानतात, आणि कापतात.

जोड

'खरा' या विशेषणाबद्दल. १ तीमथ्य १:५ मध्ये विश्वासाला जे विशेषण लावले आहे त्याचा अर्थ 'ढोंग नसलेला'. मार्क ७:६ मध्ये येशू परूश्यांना 'ढोंगी' म्हणतो, तो शब्द याच विशेषणाच्या मुळाचा. मग खऱ्या विश्वासाच्या विरुद्ध टोकाला ढोंग उभे आहे, परंपरा नाही. मत्तय ६:१६ मध्येही ढोंग्यांसारखा उपास करू नका असे आहे; उपास सोडा असे नाही.

प्रोटेस्टंट लेखनात 'विश्वास' रुळला आहे, कॅथलिक लेखनात 'श्रद्धा' अधिक. दोन्ही चालतात. मात्र 'खरी श्रद्धा' लिहिले की मराठी वाचकाच्या मनात लगेच अंधश्रद्धा उभी राहते आणि चर्चा भलत्याच रुळावर जाते. इथे 'निष्कपट' बरा.

विचारणा

मार्क ७ मध्ये आक्षेप नेमका कशावर आहे? हात धुण्यात काय वाईट?

उत्तर

काहीच नाही. पण ते धुणे स्वच्छतेचे नव्हे, विधीच्या शुद्धतेचे होते. 'हात स्वच्छ न करता' असे भाषांतर केले की येशू आरोग्याच्या नियमाविरुद्ध बोलतो आहे असे वाटू लागते. 'विधीप्रमाणे हात न धुता' असे हवे.

खरा घाव ओवी ९ ते १३ मध्ये आहे, 'कोर्बान' या शब्दावर. कोर्बान म्हणजे देवाला वाहिलेले. आपल्या ओळखीचा 'कुर्बान' त्याच सेमिटिक मुळाचा. आपली मिळकत कोर्बान आहे असे मुलाने जाहीर केले की तिचा उपयोग आईबापांना होत नसे, आणि नवस मोडायचा नाही या नियमामुळे मुलाला मागेही फिरता येत नसे. नवस हा एरवी धर्माचाच भाग. पण त्याच्या आडून आईबापांचा मान राखण्याची आज्ञा रद्द होते, हा आरोप आहे. रीत माणसाची होती एवढ्याने ती दोषी ठरलेली नाही. ती आज्ञेच्या वर चढून बसली म्हणून.

संपादकांसाठी एक सूचना: दहा आज्ञांतला या आज्ञेचा क्रमांक लिहू नका. कॅथलिक आणि लुथरन गणनेत ती चौथी, इतर बहुतेक प्रोटेस्टंट गणनांत पाचवी. क्रमांक दिला की कोणीतरी चूक काढणारच.

जोड, कॅथलिक वापराबद्दल

इथे देवनागरीची खरी अडचण येते. रोमन लिपीत मोठ्या अक्षराने लिहिलेली परंपरा वेगळी आणि छोट्या अक्षराची वेगळी. आपल्याकडे मोठे अक्षरच नाही. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेल्या परंपरा यांना सारखाच आदर दिला, ती पहिल्या प्रकारची. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद ८३ तिला ईश्वरशास्त्रीय, शिस्तीच्या, उपासनेच्या आणि भक्तीच्या परंपरांपासून वेगळी काढतो. या दुसऱ्या परंपरा ठेवता, बदलता किंवा सोडताही येतात. मराठीत पहिलीला 'प्रेषितीय परंपरा' आणि दुसऱ्यांना 'प्रथा' किंवा 'शिस्तीचे नियम' असे लिहिले की गोंधळ टळतो. दोन्हींना नुसते 'परंपरा' म्हटल्यामुळे कितीतरी वाद उगाच पेटतात.

उदाहरण घ्या. कम्युनियनआधीचा, म्हणजे प्रभुभोजन घेण्याआधीचा, उपास पूर्वी मध्यरात्रीपासून असे. १९५७ मध्ये तो घन पदार्थांसाठी तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. आज चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ९१९ प्रमाणे किमान एक तास, पाणी आणि औषध चालते. तो शिस्तीचा नियम आहे म्हणून बदलला. प्रभुभोजन त्याच अधिकाराने रद्द करता येत नाही. धर्मगुरूंचे ब्रह्मचर्यही शिस्तीतच मोडते. रोमशी संलग्न पूर्वेकडील कॅथलिक चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू आहेत.

जोड, सुधारणावादी (प्रोटेस्टंट) बाजूने

१५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे ल्यूथरच्या बाजूने मांडलेल्या विश्वासाच्या जाहीर निवेदनात, 'मानवी परंपरा' हा शब्द थेट येतो. सातवे कलम म्हणते की त्या सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. पंधरावे म्हणते की पाप न होता पाळता येतील त्या पाळाव्यात, पण तारणासाठी त्या आवश्यक आहेत असे म्हणून कोणाच्या मनावर ओझे घालू नये. सरसकट टाकून द्या असे ही कबुली म्हणत नाही.

अशा बाबींना 'अदियाफोरा' म्हणतात: ज्यांची आज्ञा नाही, मनाईही नाही. 'ऐच्छिक' हा प्रतिशब्द फसवा आहे, कारण मंडळीने मिळून ठरवलेल्या गोष्टीही त्यात येतात. शिवाय १५७७ च्या कॉनकॉर्ड सूत्राचे, म्हणजे लुथरन मतांच्या दस्तऐवजाचे, दहावे कलम म्हणते की छळाच्या काळात अशी बाब विरोधकांनी सक्तीने लादली तर तिथे मान तुकवू नये. सक्ती आली की बाब बिनमहत्त्वाची राहत नाही.

जोड

पौलाचेही वागणे असेच. रोमकरांस १४:५ मध्ये कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे. ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करावी. गलतीकरांस ४:१० मध्ये मात्र दिवस पाळण्यावरूनच तो चिडलेला आहे. फरक कॅलेंडरात नाही. गलतीयात मोशेचे नियमशास्त्र पाळले नाही तर अपुरे राहाल असे शिकवले जात होते.

'कर्मकांड' हा शब्द चर्चच्या विधींना लावू नये. तो वेदांच्या अभ्यासातला आहे, आणि आता निव्वळ शिवीसारखा वापरतात.

विचारणा

मग 'चर्चच्या परंपरा सोडा आणि खऱ्या विश्वासाकडे वळा' हे वाक्य कसे सुधारावे?

उत्तर

आधी लेखकाला विचारा: कोणती परंपरा? उत्तर 'बाप्तिस्मा' आले तर ती त्याच्याच शास्त्रातली आज्ञा आहे, मत्तय २८:१९; वाक्य काढून टाका. उत्तर 'लेंटचा (ईस्टरआधीचा) चाळीस दिवसांचा उपास' आले तर पुढचा प्रश्न: तो पाळणे चूक, की तो पाळल्याने देवापुढे नीतिमान ठरतो असे मानणे चूक? दुसरे असेल तर तेच लिहा: 'लेंटचा उपास केल्याने माणूस नीतिमान ठरतो असे मानू नये.' पहिले असेल तर त्याला मत्तय ६ आणि रोमकरांस १४ यांच्याशी झगडावे लागेल, आणि ते काम लेखकाचे, संपादकाचे नव्हे.