प्रति: सरकारी कंपनीने आधी की नंतर?
वर कोणीतरी म्हटलंय की बीएसएनएलसारख्या सरकारी मोबाईल कंपनीने खासगीवाले काय करतात ते बघून मगच पाऊल टाकावं. दराच्या बाबतीत मला हे पटतं, पण नेटवर्कच्या बाबतीत अजिबात नाही.

जुलै 2024 आठवा. जिओने 27 जूनला दरवाढ जाहीर केली, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया दुसऱ्याच दिवशी मागोमाग आले, आणि बीएसएनएल मात्र जागचं हललं नाही, त्या एका महिन्यात त्यांना 29 लाखांच्या आसपास नवे ग्राहक मिळाले आणि बाकी तिघांचे घटले. आमच्या काकांनी तेव्हा ओट्यावर बसून माझ्याकडून 1900 वर पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून बीएसएनएलकडे जाण्याचा, मेसेज टाकून घेतला, म्हणाले पेन्शनमध्ये रिचार्ज बसला पाहिजे बाबा. म्हणजे थांबण्याचा फायदा झालाच ना!

पण ग्राहक आले तेव्हा 4जी कुठे होतं? देशभराचं उद्घाटन झालं सप्टेंबर 2025 मध्ये, जिओ तर 2016 लाच आलेलं. आणि मला खरं वाईट याचं वाटतं की 3जी च्या वेळी स्पेक्ट्रमच्या (मोबाईल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींच्या) लिलावाआधीच, 2009 ला, बीएसएनएलची सेवा सुरू झाली होती, खासगीवाल्यांना स्पेक्ट्रम 2010 च्या लिलावात मिळालं, एवढी आघाडी हातात असून ती टिकली नाही. दर मागाहून ठरवता येतो हो, टॉवर आधीच उभा लागतो.