दहावीत आहे, इंजिनियरिंग पण हवंय आणि युनिफॉर्म पण. अकरावीला काय घेऊ?

सिंहगडरोड_दहावी:
नमस्कार सगळ्यांना. मी यंदा दहावीला आहे, मुलगी आहे, शाळेत रोबोटिक्स करते आणि ते मनापासून आवडतं. पण आम्ही खडकवासल्याला जातो तेव्हा एनडीएचं (सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या अकॅडमीचं) गेट दिसलं की आत जायचं असं लहानपणापासून डोक्यात बसलंय. बाबा म्हणतात आधी इंजिनियरिंग कर मग बघू, क्लासचे सर म्हणतात जेईई किंवा एनडीए, एकच काय ते धर. खरंच एकच धरावं लागतं का? आणि मला चष्मा आहे, म्हणजे सगळं संपलं का?

निवृत्त_सॅपर:
अगं काही संपलेलं नाही. सायन्स घे, पीसीएम सोडू नकोस. आर्मीला कुठल्याही शाखेची बारावी चालते पण नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स लागतातच, मग दार आत्ताच कशाला बंद करायचं. एनडीएच्या लेखीत गणित ३०० मार्कांचं आणि ते अकरावी-बारावीचंच, जेईई करणाऱ्या मुलाला त्यासाठी वेगळं फारसं काही करावं लागत नाही. पोरं अडतात ती जीएटीला, म्हणजे जनरल अ‍ॅबिलिटीच्या पेपरला. तो पेपर ६०० चा, त्यात २०० इंग्लिश आणि बाकी सायन्स, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. क्लासमध्ये दोन वर्षं नुसते न्यूमेरिकल्स सोडवणाऱ्यांनी पेपर कधी उघडलेला नसतो, तिथे मार्क जातात. म्हणून आजपासून रोज एक इंग्रजी पेपर वाच, अग्रलेखासकट. परीक्षा वर्षातून दोनदा असते, बारावीत असतानाच देता येते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखीनंतर एसएसबी, म्हणजे मुलाखत आणि चाचण्यांची निवड, परत ९०० मार्कांचं, म्हणजे लेखीइतकंच वजन, आणि ते पाच दिवस कुठला क्लास तुझ्या जागी बसत नाही. मैदानावर खेळ, टीममध्ये खेळ, एनसीसी मिळाली तर घे.

चष्म्याचं म्हणशील तर फ्लाइंगचे नियम सगळ्यात कडक, बाकी ब्रँचेसना वेगवेगळी मर्यादा असते. डोळ्याच्या डॉक्टरकडून नंबर आणि कलर व्हिजन दोन्ही या सुट्टीतच तपासून घे. लेझर करून टाकू असं कोणी सुचवलं तर इतक्यात अजिबात नको, २० वर्षांच्या आत केलेलं चालत नाही.

पाषाणकर_ताई:
काकांचं सगळं पटलं, पण एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून विचारते. तुला यंत्र बनवायचंय की माणसांचं नेतृत्व करायचंय? कारण ऑफिसर झालीस की पहिली काही वर्षं माणसं आणि त्यांची जबाबदारी हेच मुख्य काम, डिझाइनला बसायला मिळेलच असं नाही. आणि डिझाइनच हवं असेल तर ते पुण्यातच चाललंय. पिनाका रॉकेट सिस्टीम पाषाणच्या एआरडीईने बनवलीये, सैन्याचा ‘सर्वत्र’ नावाचा पूल दिघीच्या आर अँड डीईने, दोन्ही डीआरडीओच्या संशोधन संस्था. तिथे सायंटिस्ट म्हणून जायचं तर इंजिनियरिंग आणि त्यानंतरच्या गेट परीक्षेचा स्कोअर, युनिफॉर्म नाही आणि चष्मा आड येत नाही. दोन्ही देशाचंच काम आहे गं, कमी-जास्त मानू नकोस.

मुळशीची_आई:
माझा मुलगा एसपीआयला (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटला) होता म्हणून सांगते. छत्रपती संभाजीनगरला सरकारची संस्था आहे, अकरावी-बारावी तिथेच राहून करायची आणि सोबत एनडीएची तयारी. ती मुलांची, पण २०२३ पासून नाशिकला मुलींसाठी पण सुरू झालीये. फॉर्म दहावीत असतानाच भरायचा असतो, निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष जातं, जाहिरातीवर लक्ष ठेव. घरापासून लांब राहायची तयारी आहे का ते आधी आईशी नीट बोल. आणि इथेच राहणार असशील तर इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि क्लास एकत्र) घालताना तिथे खेळायला वेळ देतात का ते विचार.

सिंहगडरोड_दहावी:
खूप आभार!! ताई, खरं सांगू तर मला दोन्ही हवंय, माणसं पण आणि मशिन पण. काका, ते बारावीनंतर जेईईवरून आर्मीत घेतात ते टेक्निकल एंट्रीचं मुलींना चालतं का? आणि एनडीएत गेले तर इंजिनियरिंग सुटतं का?

निवृत्त_सॅपर:
ती आर्मीची टेक्निकल एंट्री, टीईएस, फक्त मुलांना. पण नेव्हीची १०+२ बीटेक एंट्री आहे, तिला जेईई मेनची रँक बघतात, मुलींना चालते, केरळात एझिमलाच्या नेव्हल अकॅडमीत चार वर्षं आणि बीटेक. दोन्हीकडे हवंय म्हणतेस तर तुला ही सगळ्यात जवळची वाट. एनडीएत मुली २०२२ पासून आहेत, पहिल्या १७ जणी मे २०२५ ला पास आउट झाल्या. तिथेही नेव्ही-एअर फोर्सच्या कॅडेटना बीटेक मिळते, आर्मीवाल्यांना बीएससी किंवा बीए. हे नाहीच जमलं तर बाबा म्हणतात तसं इंजिनियरिंग कर, नंतर आर्मीची एसएससी टेक (इंजिनियरांसाठीची शॉर्ट सर्व्हिस एंट्री) आणि एअर फोर्सची टेक्निकल ब्रँच मुलींना खुली आहे. म्हणजे जेईई आणि एनडीए दोन्ही दे, सरांना तसं सांग. फक्त नेव्हीला पीसीएममध्ये ७० टक्के लागतात, बोर्डाकडे दुर्लक्ष करू नकोस. आणि डोळ्यांचा रिपोर्ट आला की इथे लिही.