उत्तर: पंचवीस वर्षं झाली की घड्याळ व्हिंटेज?

पंचवीस वर्षं झाली की घड्याळ व्हिंटेज, हा हिशेब मला पटत नाही. त्या न्यायाने २००० सालचं साधं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळसुद्धा व्हिंटेज ठरेल! माझ्या मते वर्षांपेक्षा चावीच्या घड्याळांचा काळ जाऊन क्वार्ट्झचा आला कधी ते बघावं. जगात ती रेघ १९६९ची, जपानी सेइको कंपनीचं 'क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन' हे मनगटी घड्याळ आलं तेव्हाची. आपल्याकडे ती जरा उशिरा, टायटन १९८७ला बाजारात आल्यावर. त्याआधीचं चावीचं एचएमटी मी बिनदिक्कत व्हिंटेज म्हणेन.

आमच्या मालवणच्या घरी आजोबांची एचएमटी 'जनता' आहे. रोज सकाळी चहाआधी चावी द्यायची. खाऱ्या हवेने तबकडीवर सहाच्या आकड्यापाशी तांबूस ठिपके पडलेत, घड्याळाच्या केसचा (बाहेरच्या धातूच्या कवचाचा) मुलामा पट्ट्याच्या बाजूने उडालाय. एकाने सुचवलं, "तबकडी रंगवून घे, नवीन दिसेल." अजिबात नको! रंगवलेल्या तबकडीची अक्षरं जाड, फिसकटलेली दिसतात. भिंगातून बघितलं की लगेच कळतं. ऑनलाइन 'व्हिंटेज' म्हणून विकली जाणारी निळी-केशरी चकचकीत एचएमटी बरीचशी अशीच असतात. वय जुनं, चेहरा कालचा. आतलं यंत्र मात्र साफ करून तेल घालून घ्या, पावसाळ्यानंतर तर नक्कीच.