बगॅसवर उडणारे वाफेचे विमान : मॉडेल कसे करावे?

सांगलीचा मॉडेलवेडा :
आमच्या भागातील साखर कारखान्यांची धुराडी पाहून सुचलेली ही निव्वळ वेडगळ कल्पना आहे. उसाच्या बगॅसवर, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यावर, बॉयलर पेटवून उडणारे दुपंखी विमान १:७२ प्रमाणात करायचे असून, ते पाहणाऱ्याला क्षणभर तरी खरे वाटावे अशी इच्छा आहे. बॉयलर, धुराडे आणि इंधन कोठे दाखवावे?

वाळव्याचा फिटर :
वाफेचे विमान वाटते तितके वेडगळ नाही. १९३३ मध्ये बेसलर बंधूंनी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ‘ट्रॅव्हल एअर २०००’ या दुपंखी विमानात वाफेचे इंजिन बसवून ते उडवले होते, आणि उतरल्यावर इंजिन उलटे फिरवून पंख्याचाच ब्रेक म्हणून उपयोग करता येत असे. मात्र त्यांचा बॉयलर तेलावर चाले. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असल्याने किलोमागे उष्णता पेट्रोलच्या सुमारे सहाव्या भागाइतकीच मिळते, शिवाय सैल बगॅसला जागा प्रचंड लागते. तेव्हा पोटाखाली उसाच्या ट्रॉलीसारखा जाळीचा पिंजरा हवाच.

कऱ्हाडकर :
नाकाशी वाफेचे पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर दाखवा, नाहीतर पाणी लगेच संपेल. धुराडे शेपटीमागे न्यावे. कापडी पंखांवर ठिणग्या पडणे परवडणारे नाही.

सांगलीचा मॉडेलवेडा :
बगॅस वाळवून दाबलेल्या ब्रिकेट वापरल्या तर?

वाळव्याचा फिटर :
उष्णता दुपटीच्या आसपास जाईल आणि पिंजराही आटोपशीर होईल. परंतु मागच्या कॉकपिटमध्ये वैमानिकाऐवजी फावडे घेतलेला बॉयलर अटेंडंट बसवावा लागेल.