परदेशी जाताना बॅगेतली वाईन : काय, किती, कशी

द्राक्षवेल
शेजारच्या काकूंची लंडनची बॅग भरताना नाशिकच्या तीन बाटल्या पुढ्यात आल्या आणि या विषयातलं सगळं पुन्हा आठवलं. आधी वजन. ७५० मिलीची भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो भरते. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन, त्याहून जड, कारण आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो आणि काच जाड लागते. विमानात वाईन चालते. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तर चेक-इन बॅगेत लिटरची अट नाही, फक्त बॅगेचं वजन बघायचं. २४ ते ७० टक्क्यांना माणशी ५ लिटर, तेही सीलबंद. ७० टक्क्यांच्या वर बंदी. खरा आकडा उतरता त्या देशाचा, म्हणजे ड्यूटी न भरता किती नेता येतं तो. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे त्याने ते लिहा.

कोकणकडा
काकूंना सांगा, लंडनला निर्धास्त जा. साधी, म्हणजे बिनबुडबुड्यांची वाईन १८ लिटर, शिवाय ४ लिटर स्पिरिट (व्हिस्की, रमसारखी कडक दारू) किंवा ९ लिटर स्पार्कलिंग. वय १७ पूर्ण हवं. पुढे पॅरिसला गेल्या तर मात्र ४ लिटर साधी वाईन, कारण ब्रिटन आता युरोपीय संघाबाहेर आहे.

घाटवाट
पॅकिंगचं लिहितो, कारण बहुतेकांची बाटली तिथेच जाते. मान सगळ्यात नाजूक. झाकणावरून क्लिंग फिल्मचे चार वेढे, वर रबर बँड. मग बाटली झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून. एक जाड मोजा बुडाकडून, दुसरा मानेकडून. मग जीन्सच्या पायात सरकवायची आणि उरलेली जीन्स भोवती गुंडाळायची. बॅगेत तळाला टॉवेल, बाटली मधोमध, चारही बाजूंनी चार बोटं कपडे. चाकांच्या बाजूला ठेवू नका, बॅग उभी केली की सगळं वजन तिकडे उतरतं. दोन बाटल्यांमध्ये स्वेटर हवाच, काचेला काच लागली की तडा. बॅग बंद करून जोरात हलवा. आतून ठक्क आवाज आला तर उघडा आणि परत भरा. मोकळी जागा राहिली की बाटली धावते.

पाचू
स्पार्कलिंग विमानात फुटते का हो दादा? सासूबाई विचारताहेत.

घाटवाट
नाही ताई. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब प्रवाशांच्या कप्प्याइतकाच ठेवलेला असतो. बाटली फुटते ती आपटून. उन्हाला मात्र जपा. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत दोन तास राहिली तर वाईन फुगते आणि बूच वर सरकतं. त्या मानाने स्क्रू कॅप बरी, नाशिकच्या सुला वाईनच्या बऱ्याच बाटल्यांना असते.

निळावंती
सिंगापूर : २ लिटर वाईन, वय १८, देशाबाहेर किमान ४८ तास असायला हवं. मलेशियातून आलात तर सूट शून्य, लोक हेच विसरतात.
ऑस्ट्रेलिया सव्वादोन लिटर, म्हणजे बरोबर तीन बाटल्या. जपानही तीन, वय २०. अमेरिका १ लिटर, वय २१.
डेस्कवरून लिहितेय, बाकीचं नंतर.

वाळूघड्याळ
आखातात सांभाळून. दुबईत ४ लिटर चालते, शारजात दारूबंदी. तिकीट कोणत्या विमानतळाचं आहे ते आधी बघा. सौदी आणि कुवेतला अजिबात नेऊ नका. मालदीवला बाटली कस्टमवाले ठेवून घेतात, पावती देतात, परत निघताना ती दाखवून सोडवायची. पावती पासपोर्टमध्येच ठेवा.

पाचू
आणि येताना?

निळावंती
भारतात मोठ्या माणसामागे २ लिटर. दोन बाटल्या दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन आणि ड्यूटी सुरू. मुलांचा वाटा धरत नाहीत. ड्यूटी फ्रीची बाटली सीलबंद पिशवीतच राहू द्या, बिलासकट. मुंबईत उतरून पुढे नागपूरचं विमान असेल तर कस्टमनंतर ती चेक-इन बॅगेत टाका. सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि तिथे बाटली काढून घेऊ शकतात. जीव तुटतो हो अशा वेळी.

माडवाडी
फेणी न्यायची असेल तर दुकानातली सीलबंद, लेबलवाली. काजूची साधारण ४२.८ टक्के, म्हणजे वरच्या ५ लिटरच्या अटीत येते. उर्राक (काजूचीच पहिल्या धारेची हलकी दारू) घरच्या बाटलीत भरून नेऊ नका, लेबल नसलेलं कुणी सोडत नाही. आणि फेणी दुहेरी पिशवीत, थेंबभर सांडली तरी अख्ख्या बॅगेला वास.

यारा
मेलबर्नला जाणाऱ्यांसाठी : बऱ्याच हॉटेलांत आपली वाईन नेऊन जेवता येतं, पाटीवर बीवायओ लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी फक्त वाईन, बिअर-व्हिस्की नाही. कॉर्केज, म्हणजे आपली बाटली उघडून देण्याचे पैसे, कुठे बाटलीमागे, कुठे माणशी, तेवढं बसण्याआधी विचारा. प्रवासातून आलेली बाटली आठवडाभर आडवी ठेवा, लगेच उघडली तर चव दबलेली लागते. नाशिकची चेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन तासभर फ्रिजमध्ये थंड करून कोळंबीच्या कालवणाबरोबर फार छान जाते.

पाचू
कालवणावरून आठवलं, कैरीचं लोणचंही असंच पॅक करायचं का? तेल गळतं.

घाटवाट
बरणी काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा. तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून मग झाकण आवळा, बाहेरून चिकटपट्टी. आणि चेक-इनलाच टाका.

पाचू
कोकमाचं आगळही तसंच ना?

माडवाडी
हो, आगळ तर नक्कीच. डाग जात नाहीत.