मदत हवी आहे: एलयू ६.२ काढून आयपीवर जायचंय. एंटरप्राइज एक्स्टेंडर, आयपीआयसी की एमक्यू?

नमस्कार मंडळी,

व्हीटॅमवर (आयबीएम मेनफ्रेमचं एसएनए, म्हणजे जुन्या पद्धतीचं नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रत्यक्ष काम केलेलं इथे कोणी आहे का? आमच्या क्लायंटच्या झेड/ओएस मेनफ्रेमवरचं सीआयसीएस (व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) अजून एलयू ६.२ वरून, म्हणजे एसएनएच्या प्रोग्राम-ते-प्रोग्राम प्रोटोकॉलवरून, समोरच्या कंपनीच्या सीआयसीएसशी बोलतं. मधली जुनी लाइन बंद होणार आहे, त्यानंतर फक्त आयपी.

माझा कल एंटरप्राइज एक्स्टेंडरकडे आहे. तो झेड/ओएसच्या नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये, कम्युनिकेशन्स सर्व्हरमध्येच येतो, एसएनएचा डेटा यूडीपीतून नेतो आणि प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. अडचण फायरवॉलची. त्याला १२००० ते १२००४ असे पाच पोर्ट लागतात, आणि समोरची सिक्युरिटी टीम म्हणते, टीसीपीचा एकच पोर्ट मिळेल. टेस्टला तात्पुरते पोर्ट उघडून दिले, तेव्हा लिंक अ‍ॅक्टिव्ह, ऑनलाइन व्यवहार सुरळीत, पण रात्रीचं बॅच ट्रान्सफर लटकलेलं. ईईडायगची (एक्स्टेंडरचं कनेक्शन तपासणारी व्हीटॅमची कमांड) टेस्ट चालवली तर पहिले चार पोर्ट पलीकडे पोचत होते, १२००४ मध्येच अडत होता. #बॅच मोडचा (बॅचच्या सेशनसाठीची एसएनएची सेटिंग) कमी प्रायॉरिटीचा ट्रॅफिक नेमका त्याच पोर्टवरून जातो. लिंक जिवंत आहे का, हे मात्र १२००० वर तपासलं जातं, म्हणून डिस्प्लेत सगळं छान दिसतं. हे कोणाला अडलं असेल तर आधी तिथे बघा.

एन्क्रिप्शनचंही आहेच. एटी-टीएलएस (प्रोग्राम न बदलता झेड/ओएसच टीएलएस एन्क्रिप्शन लावतं ती सोय) फक्त टीसीपीला लागू होतं, त्यामुळे इथे आयपीसेक, म्हणजे आयपी पॅकेटच्या पातळीवरचं एन्क्रिप्शन, आलं.

आयपीआयसी (सीआयसीएस-सीआयसीएसमधलं आयपीवरचं कनेक्शन) घेतलं तर टीसीपी, टीएलएस, एक पोर्ट, सिक्युरिटीवाले खूश. पण त्यावर डीटीपी (दोन प्रोग्रामनी थेट आपसात संभाषण करण्याची पद्धत) चालत नाही, आणि आमचे जुने कोबॉल प्रोग्राम ॲलोकेट-कन्व्हर्स या कमांड वापरून तसेच बोलतात. ते लिंक कमांड (दुसऱ्या प्रोग्रामला बोलावून उत्तर घेणं) आणि चॅनेल-कंटेनरवर (डेटा देण्या-घेण्याची सीआयसीएसची सोय) आणायचे म्हणजे दोन्ही कंपन्यांनी कोड बदलायचा, परत सगळं टेस्टिंग. ते लिहिणारे लोक कधीच निवृत्त झालेत. एमक्यूचा (मेसेज रांगेत ठेवून पोचवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) विचार फक्त बॅचपुरता आहे. ऑनलाइन व्यवहाराला उत्तर लगेच हवं असतं.

तर विचारायचं हे:

एक्स्टेंडर आणि आयपीसेक ही जोडी कोणी प्रॉडक्शनला दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये चालवली आहे का? आयपीसेकच्या हेडरमुळे पॅकेट तुटायला लागली तर व्हीटॅमचा पीएमटीयूडी पर्याय (वाटेत चालणारा पॅकेटचा आकार आपोआप शोधणारा) पुरतो, की एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, हातानेच कमी ठेवायचा?

आणि डीटीपीवरून डीपीएलवर (समोरच्या सीआयसीएसमधल्या प्रोग्रामला लिंक कमांडने बोलावणं) कोणी गेलं असेल तर कन्व्हर्सची साखळी कशी फोडलीत? एका फेरीत उत्तर मिळतं ते प्रोग्राम सोपे आहेत. जे मधे सिंकपॉइंट घेऊन (तोपर्यंतचे बदल पक्के करून) पुढे बोलत राहतात, त्यांचं काय केलंत?