बाल्साचा ३३ सेंमीचा कब उडत नाही, जाड रबर लावू का?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. बाल्सा या हलक्या लाकडाचं, रबर पिळून प्रोपेलर फिरवणारं हे माझं पहिलंच स्केल मॉडेल. पायपर जे-३ कब या विमानाचं, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ३३ सेंमी, म्हणजे खऱ्याच्या साधारण १/३२.

किट न घेता १.५ मिमीची एकच शीट आणली आणि धडाच्या पट्ट्या, रिब (पंखाच्या फासळ्या), शेपटी, सगळं तिच्यातूनच कापलं. शेपटी भरीव शीटचीच ठेवली, सोपं पडलं म्हणून. वरून पातळ टिश्यू कागद आणि पिवळ्या इनॅमलचे दोन हात. रंगाआधी वजन १३ ग्रॅम होतं, नंतर १६.५ झालं. गुरुत्वमध्य प्लॅनवरच्या खुणेवर आणायला नाकात ४ ग्रॅम प्लास्टिसिन (खेळायची माती) भरावं लागलं. आता नुसतं सोडलं तर धाडकन खाली येतं. रबर पिळून सोडलं तर नाक वर करतं, थबकतं आणि आपटतं. रबर जाड लावलं तर उडेल का? बऱ्याच संध्याकाळी यात गेल्यात, टाकून द्यायला जीव होत नाही.

भिंगरी

टाकू नका, पण रबरही वाढवू नका. जाड रबर म्हणजे आणखी वजन आणि जास्त जोराची आपट.

तुमचं विमान २०.५ ग्रॅमचं आहे. आल्फोन्स पेनोनं १८७१ साली पॅरिसच्या तुईलरी बागेत रबरावरचं जे मॉडेल उडवून दाखवलं, त्याचा पंख ४५ सेंमीचा होता आणि वजन १६ ग्रॅम. तुमचा पंख त्याहून लहान आणि ओझं जास्त. ३३ सेंमीच्या कबचं रबराशिवाय वजन १० ग्रॅमच्या आसपास यायला हवं, आणि ते येतं.

सुरुवात शेपटीपासून करा. कबमध्ये गुरुत्वमध्यापासून शेपटीचं अंतर नाकाच्या जवळजवळ तिप्पट असतं. म्हणून मागे १ ग्रॅम वाढला की पुढे जवळजवळ ३ ग्रॅम माती भरावी लागते. तुमच्या नाकातली ४ ग्रॅम माती तिथूनच आली. ती भरीव शेपटी सुरीने अलगद काढा आणि १.५ मिमीच्या पट्ट्यांची चौकट करून तिच्यावर नुसता टिश्यू लावा. माझ्या पहिल्या कबची भरीव शेपटी ०.९ ग्रॅमची होती, चौकटीची ०.३ ग्रॅममध्ये झाली. ते वजन पाहून मला रात्री झोप आली नव्हती, लगेच दुसरी बांधायला बसलो.

दुसरं लाकूड. बाल्सा सगळा सारखा नसतो. ७५ मिमी रुंद, ९०० मिमी लांब, १.५ मिमी जाड शीट एखादी १० ग्रॅमची निघते, तर शेजारचीच २० ग्रॅमची. दिसायला दोन्ही सारख्या, किंमतही तीच. घेताना छोटा वजनकाटा सोबत न्या, कमीत कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक तोच पाडतो. जड शीट वाया जात नाही, धडाच्या लांब पट्ट्या तिच्यातून काढा, त्यांना ताकद लागते. रिब आणि शेपटीला हलकी वापरा, शक्यतो जिच्यावर ठिपकेदार चकाकी दिसते ती. ती आडवी वाकत नाही.

रंग पूर्ण विसरा. पिवळा टिश्यूच लावा, कबच्या अंगावरची काळी पट्टीही काळ्या टिश्यूची कापून चिकटवा. चौकटीला पातळ केलेला पांढरा गोंद पुरतो. पाण्याचा हलका फवारा मारून टिश्यू ताणला की पंख सपाट पाटावर टाचण्यांनी दाबून वाळू द्या, नाहीतर पिळा पडतो.

चतुर

भिंगरींशी सहमत. पिळा पडलाच, तर केटलीच्या वाफेवर धरून उलट्या दिशेनं हलकेच पिळा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. दोन्ही टोकांची मागची कड मात्र एखाद-दोन मिमी वर राहू द्या. मग वेग कमी झाला तरी टोक आधी पडत नाही.

धागाकर्ती

पंधरा दिवसांनी सांगते. नवी शेपटी ०.३५ ग्रॅम. पंख नव्यानं बांधला, टिश्यू पिवळा. धड जुनंच, रंग जमेल तेवढा खरवडला. आता नाकात फक्त १ ग्रॅम माती आणि एकूण १२.४ ग्रॅम! उंच गवतावर नुसतं सोडलं तर सात-आठ पावलं सरळ, शांत सरकत जातं. मी तिथेच उभी राहून बघत राहिले. पण रबर पिळलं की सुरुवातीलाच डावीकडे कलंडून गोल खाली येतं.

भिंगरी

वा! नुसतं सरकणं नीट असेल तर पंखाला आणि शेपटीला आता हात लावू नका. प्रोपेलर एका दिशेनं फिरतो तेव्हा विमान उलट दिशेला कलतं, आणि रबराचा जोर सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो. नाकाच्या ठोकळ्यामागे डाव्या बाजूला बाल्साची पातळ काडी सरकवा, म्हणजे प्रोपेलर किंचित उजवीकडे बघेल. ०.८ मिमीपासून सुरू करा. नाक वर करायला लागलं तर तशीच काडी ठोकळ्याच्या वरच्या कडेला. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी आधी थोडेच पीळ द्या. रबराला एरंडेल चोळलंय ना? कोरडं रबर पीळ कमी घेतं आणि तुटतं तेव्हा धडाच्या आतल्या काड्या मोडून टाकतं.